आरूचे थेंब

ही गोष्ट मी साडेतीन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आमच्या भावकीत मला 'रेडिओ' म्हणतात, आणि त्या रेडिओच्या तोंडून ही बाहेर पडली नाही — यावरूनच ती कशी असेल ते ओळखा.

तसं माझ्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ असतं. भोकरदनला तहसीलच्या रस्त्यावर माझं टेलरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लग्न असो, बारसं असो, लोक मला मधोमध बसवतात आणि म्हणतात, "नाना, होऊन जाऊ द्या." मग मी नवरदेवाच्या पँटला दोन्ही पाय डावेच कसे शिवले ते सांगतो. फौजदाराच्या शर्टाला तीनच काजं केली होती ते सांगतो. स्वतःच्या फजित्या सांगण्यात एक सोय असते — तुमच्या कधी लक्षात आली का? ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस काही लपवत नसेल.

मी लपवत होतो. आणि त्याबद्दल मला स्वतःचा जितका राग येतो तितका कापड आखूड कापल्यावरही येत नाही.

पण आधी शीतलबद्दल सांगू द्या. शीतल माझी सून. अमोल, माझा मुलगा, इथंच पतसंस्थेत आहे. पण घरातलं सगळ्यात शिकलेलं माणूस शीतल. बी.एस्सी. झालेली. जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला होती. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवायचे, आठवड्यानं ती उलगडायची आणि किती उगवले, किती नाही, ते मोजून लिहायचं — असं काम. मी एकदा विचारलं, "एखादा दाणा इकडं-तिकडं झाला तर काय होतं?" तर म्हणाली, "नाना, मग त्या पिशवीवर छापलेलं खोटं होतं. आणि पेरणारा माणूस ते वाचून पेरतो."

हे मला तेव्हा मोठं गमतीशीर वाटलं होतं.

आरू, म्हणजे माझी नात आरोही, तेव्हा दीड वर्षाची होती. पोर गोड, पण रंगानं पांढुरकी. चालायला लागायची आणि दोन पावलांत बसून घ्यायची. डॉक्टरनं रक्त तपासलं आणि म्हणाले, अंगात लोह कमी आहे. दूध फार पाजताय, ते कमी करा. डाळ, पालेभाजी, अंडं, नाचणी सुरू करा. चहाचा थेंबही नको, चहानं लोह अंगाला लागत नाही. आणि रोज हे औषध. एवढीशी बाटली, वर रबराची पिचकारी.

शीतलची बस पावणेआठची. सकाळी सातला आरू दूध प्यायची, आणि औषध दुधाच्या जवळपास द्यायचं नव्हतं. म्हणून वेळ ठरली अकराची. अकराला घरात मी एकटा. माझी बायको मंदा अंगणवाडीत मदतनीस आहे. ती दुपारी दोनपर्यंत गावातल्या पोरांना खिचडी करून घालते, वजनं करते. तेव्हा औषधाचं काम माझ्याकडं आलं. कुणी लादलं नाही. मीच छाती पुढं करून म्हणालो, "द्या इकडं. एवढी मोठमोठी गिऱ्हाइकं सांभाळतो मी."

शीतलनं पट्टीनं आखून एक तक्ता केला आणि माझ्या मापाच्या वहीशेजारी खिळ्याला लटकावला. रोजचा एक चौकोन. मला समजावून सांगितलं, "दिलं की बरोबरची खूण करायची. नाही दिलं तर फुली. फुली पडली तरी चालेल, नाना. पण खरी पडू द्या."

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवू नका. मला ठेवावं लागलं, तेवढं पुरे.

पहिले काही आठवडे मी ते औषध इमानदारीनं दिलं, हे सांगितलं पाहिजे — म्हणजे त्यानं काही फरक पडतो म्हणून नाही, पण घडलं तसं सांगायचं ठरवलंय. तुम्ही कधी दीड वर्षाच्या लेकराला लोहाचं औषध पाजलंय का? पोर तोंड मिटायची ती अशी की तहसीलचं फाटक बरं, ते निदान दहाला तरी उघडतं. मी गाणी म्हणायचो, मांजराचे आवाज काढायचो, टेप गळ्यात घालून नाचायचो. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून बघायचं. एवढं करून थेंब आत गेले, तर निम्मे हनुवटीवरून खाली. आणि त्याचे डाग! गंजाच्या रंगाचे, निघता निघत नाहीत. आरूची सगळी झबली पुढून तांबडी झाली.

मग पोळा आला. पोळ्याला बैल मिरवायचे म्हणून एका शेतकऱ्यानं पांढराशुभ्र नेहरू शर्ट शिवायला टाकला होता. शिवून, इस्त्री करून मशीनवर ठेवलेला. आरू माझ्या मांडीवर. पिचकारी तोंडात घातली, आणि पोरीनं फुर्रर्र केलं. बरोबर छातीवर! लिंबू घासलं, साबण घासला, मीठ चोळलं, डाग पसरला. शेवटी नवं कापड आणून दुसरा शर्ट शिवायला बसलो. तेवढ्यात तो दारात. "नाना, बैल सजून उभे राह्यले अन् मालक बनियनवर! गाव बैलांचीच तारीफ करून राह्यलं!" मी हसलो. आतून मात्र असा चिडलो होतो की काय सांगू. कुणावर चिडलो? दीड वर्षाच्या पोरीवर. एका बाटलीवर.

ही गोष्ट मी नंतर भावकीत पाच-सहा वेळा सांगितली. इथपर्यंतच. बैल सजले, मालक बनियनवर — हशा — आणि संपली.

ती संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. मशीनवर तीन गिऱ्हाइकांचे कपडे पडलेले. पिचकारी भरली, आरूनं मान फिरवली. मी तिच्याकडं बघितलं, कपड्यांकडं बघितलं. आणि टेबलाखाली चिंध्यांचं पोतं असतं माझं, कापडाचे उरलेले तुकडे टाकायचं, त्यात ती पिचकारी दाबली.

मग उठलो, पेन्सिल घेतली आणि तक्त्यावर बरोबरची खूण केली.

फुली का केली नाही? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय! ती रागावलीही नसती. विचारलंही नसतं. पण संध्याकाळी बसमधून उतरून आली की शीतल आधी तक्त्याकडं बघायची आणि मग माझ्याकडं बघून हसायची. ते हसू मला हवं होतं. झाली की नाही मोठी गंमत? पन्नाशी ओलांडलेला माणूस शाबासकीसाठी खूण करतो, आणि ज्या कामाची शाबासकी घ्यायची तेवढं सोडून देतो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज.

आळशी माणूस निदान विसरतो तरी. मी विसरत नव्हतो. बाटली रोज तेवढीच खाली उतरली पाहिजे, म्हणून रोज अकराला पिचकारी भरून पोत्यात रिकामी करायचो. रविवारी शीतल आत धुण्या-भांड्यात असायची, आणि मी आरूला घेऊन दुकानात. मापात एक थेंब कमी-जास्त नाही. एवढ्या काळजीनं मी कधी कुणाला औषध पाजलं नसेल, जेवढ्या काळजीनं चिंध्यांना पाजलं.

आणि अजून आहे. समोरच्या हॉटेलातून अकराला माझा चहा यायचा. आरू हात पुढं करायची. मी बशीत ओतायचो, फुंकर मारायचो, त्यात बटर बुडवून तिच्या तोंडात द्यायचो — बटर म्हणजे आमच्याकडची ती खारी कुरकुरीत गोळी, चहात टाकली की फुगते. पोर असं खुश व्हायचं! चटाचटा चाटायचं, अजून मागायचं. 'नानाचा फार लळा आहे तिला,' असं सगळे म्हणायचे. लळा होताच. चहाचा होता. जे द्यायचं ते ओतून देत होतो, आणि जे अजिबात द्यायचं नाही ते स्वतःच्या हातानं भरवत होतो.

एक दिवस मंदा गोधडीसाठी चिंध्या निवडायला बसली. म्हणाली, "अवं, हे तांबडे डाग कशाचे?"

"मशीनचं तेल."

"तेल असं असतंय व्हय? गंज दिसून राह्यला."

"जुनी मशीन आहे. तिला गंज, मला गंज."

ती हसली. माझी बायको माझ्या विनोदाला क्वचित हसते, आणि हसली ती तेव्हा. पोतं मी दुसऱ्याच दिवशी जाळून टाकलं.

दिवाळीच्या सुमारास आरू भिंत चाटायला लागली. नखानं चुना खरवडायची आणि बोट तोंडात. मग कुंडीतली माती. मी बघितलं, आणि मी काय केलं असेल? गोष्ट केली. गोष्टच येते ना मला! धावड्याला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. मांडवात बैठक जमली. "नाना, होऊन जाऊ द्या." मी सगळ्या हावभावांसकट सांगितलं — आमच्या घरी बाळकृष्ण अवतरलाय, फक्त तोंड उघडून बघितलं की विश्व दिसत नाही, कुंडी दिसते! आख्खा मांडव हसला. शीतल कडेला आरूला कमरेवर घेऊन उभी होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर तिनं विचारलं, "नाना, ही माती कधीपासून खातेय?"

"असेल दिवाळीपासून."

"मला का नाही सांगितलं?"

"अगं, सांगितलं की काल. सगळ्यांदेखत."

हे मी खरंच म्हणालो. तिला माहीत होतं — अंगात लोह कमी असलं की लेकरं माती खातात. मला माहीत नव्हतं. पण मला दुसरं एक माहीत होतं, आणि ते तिला माहीत नव्हतं.

संक्रांत झाली आणि रक्त पुन्हा तपासलं. आधीपेक्षाही कमी आलं. डॉक्टरनं चष्मा काढून विचारलं, "औषध रोज देता ना?" मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, उघडलं होतं. पण त्याआधी शीतलनं पिशवीतून तक्ते काढून टेबलावर ठेवले. सगळे महिने. एकाही दिवशी फुली नाही. "हो सर, नाना देतात. एक दिवस चुकला नाही." डॉक्टरनं तक्ते उलटून बघितले आणि मला म्हणाले, "असे आजोबा सगळ्या लेकरांना मिळायला पाहिजेत."

मी मान डोलावली. शब्द लागलाच नाही त्याला. नुसती मान.

मग औषध दिलं जातंय तरी रक्त वाढत नाही, म्हणजे आत काहीतरी बिघाड असणार, म्हणून संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात तपासण्या. चार वेळा रक्त काढलं. आरूची शीर सापडायची नाही. नर्स म्हणायची, "बाबा, हात घट्ट धरा हो तिचा." मी धरायचो. ती माझ्याकडं बघून ओरडायची — नाना, नाना. मी तिला सोडवीन असं वाटायचं तिला. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. बिघाड आत नव्हताच, तो तिचा हात धरून उभा होता.

आणि घरात? मंदानं सरळ सांगून टाकलं, "माझ्या अंगणवाडीतली लेकरं बघा कशी गुटगुटीत. अन् माझ्याच घरातलं असं. आई दिवसभर जालन्याला, मंग लेकराला काय लागणार न्हाई!" शीतल आकडे जुळवायला बसली. तिला आकड्यांची सवय. तक्ता सांगतो औषध रोज गेलं. तपासणी सांगते पोट ठीक आहे. मग उरलं कोण? एका रविवारी दुपारी मला म्हणाली, "माझंच रक्त कमी होतं नाना, ती पोटात असताना. तिला माझ्याकडून मिळालंच नसेल. आणि जन्मल्यावर मी घरी पण नाही." खोट्या खुणा मोजून ती चोख हिशेबानं उत्तरापर्यंत आली होती — आणि ते उत्तर म्हणजे ती स्वतः.

तेव्हा तरी बोलायला नको होतं का? मी मशीनमध्ये दोरा ओवत होतो. ओवतच राहिलो.

होळीच्या आधी तिनं नोकरी सोडली.

आता ऐका. ती घरी राहिली. अकराला स्वतः औषध द्यायला लागली, वर लिंबाचं पाणी. ती घरात म्हणून माझी चहाची बशी बंद झाली. पावसाळ्यापर्यंत आरूचं रक्त चांगलं वाढलं. पोर धावायला लागली. भिंत सोडली, कुंडी सोडली. आणि सगळ्यांना पुरावा मिळाला. मंदा तर अंगणवाडीत येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते: "माझ्या सुनंचंच बघा. नोकरी सोडली अन् तीन महिन्यांत लेकरू सुधरलं. औषधापेक्षा आई घरात पाह्यजे." बायका ऐकतात. ती वजनाचा काटा हातात धरून सांगते, कोण ऐकणार नाही?

शीतल आता माझ्याच दुकानात बसून काज-बटन करते. दाणे मोजणारी पोरगी.

आणि तरीही मी गप्प होतो. आरू मोठ्या गटात गेली, शाळेच्या कवायतीत पहिल्या रांगेत उभी राहिली, तरी गप्प. कदाचित असाच मेलो असतो, रेडिओ बंद न करता. पण गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा, रूपालीचा फोन आला. ती घनसावंगीला दिलेली. एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिचं लेकरू अकरा महिन्यांचं. त्याचंही रक्त कमी निघालं. सासू म्हणते, नोकरी सोड. रूपालीनं वहिनीला विचारलं. फोन स्पीकरवर, मी मशीनवर. शीतल बटन लावता लावता म्हणाली, "सोडा, ताई. वाईट वाटतं, पण सोडा. मी सोडली म्हणूनच आरू सुधारली. मी उशीर केला, तुम्ही करू नका."

मी पाय जोरात मारायला लागलो. मशीनच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. तेवढ्यासाठीच मारत होतो.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. राजीनामा लिहून झाला, सोमवारी देते. त्या दिवशी शुक्रवार.

शनिवारी मंदा अंगणवाडीत गेल्यावर मी शीतलला सांगितलं. गोष्टीसारखं सांगायला जमलं नाही. सुरुवात कुठून करावी कळेना. मध्येच पोळा आला, मध्येच पोतं. तिचं बटन लावणं चालूच होतं. माझं संपल्यावर तिनं विचारलं,

"कधीपासून?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तू नोकरी सोडेपर्यंत."

तिनं बोटांवर महिने मोजले. "मध्ये एखाद्या दिवशी दिलं?"

"नाही."

"चहा?"

"रोज."

तिनं सुई गादीत खोचली, हातातला शर्ट घडी करून ठेवला आणि रूपालीला फोन लावला. "ताई, राजीनामा देऊ नका. मी सांगितलं ते चूक होतं. नाही, आरूचं तसं नव्हतंच. तिच्या पोटात औषधच गेलं नव्हतं. बाळाला औषध कोण पाजतं ते बघा, तुमच्या डोळ्यांनी बघा. घरी कोण बसतं त्याच्याशी काही संबंध नाही." पलीकडून रूपालीनं काहीतरी विचारलं असणार. शीतल म्हणाली, "ते मी नाही सांगणार. ज्याचं त्यानं सांगावं."

रूपाली नोकरीवर आहे.

शीतलनं जालन्याला फोन केला होता, कंपनीत. तिच्या जागेवर दुसरी मुलगी आहे. सध्या कुणाला घ्यायचं नाही म्हणाले. ती दुकानात आता बसत नाही. मला ताट वाढते, नाना म्हणते, आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात न देता शेजारी ठेवते. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर काहीतरी उत्तर देणं तिच्यावर आलं असतं.

मंदाला अजून माहीत नाही. हे छापून आलं की कळेल. ती अक्षर न् अक्षर वाचते. भावकीही वाचेल. अंगणवाडीतल्या बायकाही. त्या बायकांसाठी तेवढं एक सरळ लिहितो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. आरूचं रक्त कमी झालं ते तिची आई कामाला जात होती म्हणून नाही. तिचं औषध मी चिंध्यांत ओतत होतो, आणि रोज लिहीत होतो की दिलं.